विझलेला दिवा, निरंक कागद

१/
६ जून १९७५. पहाटेचे दोन वाजण्यास काही मिनिटे कमी. लंडनच्या युस्टन स्थानकातून ग्लासगोकडे निघालेली शयनयान गाडी इंग्लंडच्या मध्यभागातील ननीटन स्थानकाजवळ येत होती. प्रवासी झोपेत होते. पुढे रुळांच्या फेररचनेचे काम चालू असल्याने तेथे ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची, तात्पुरती वेगमर्यादा होती. गाडी ताशी ८० मैलांच्या, म्हणजे जवळजवळ १३० किलोमीटरच्या वेगात होती. चालकाला ही मर्यादा ठाऊक होती. तरीही त्याने वेग उतरवला नाही.

२/
तो झोपला नव्हता आणि निष्काळजीही नव्हता. त्याने एका गोष्टीचा अर्थ लावला आणि तो अर्थ चुकला. इशारा देणारा फलक त्याला दिसला नाही. फलक नाही म्हणजे मर्यादा उठली असावी, असे त्याने मानले. ‘इशारा मिळाला नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घ्यावा की नाही, हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे. सुमारे दीडशे वर्षांच्या काळातील तीन घटना आणि भारतीय रेल्वेचा एक साधा छापील कागद त्याचे उत्तर सांगतात.

३/
आधी ‘तात्पुरती वेगमर्यादा’ म्हणजे काय ते पाहू. रेल्वेमार्गावर वेगाच्या दोन प्रकारच्या मर्यादा असतात. तीव्र वळण, जुना पूल, स्थानकातील सांधे यांसाठीची मर्यादा कायमची असते. चालक तो मार्ग शिकतानाच ती पाठ करतो. तात्पुरती मर्यादा मात्र आज असते, आठवड्याने नसते. काल ताशी २० किलोमीटर होती, आज ४५ होते, परवा उठते. ती अनुभवाने कळत नाही. उलट एकाच मार्गावर वर्षानुवर्षे गाडी चालवल्याने अंगवळणी पडलेला वेग तिच्या आड येतो.

४/
ती का लागते? रूळ स्लीपरवर आणि स्लीपर खडीवर बसलेले असतात. खडी काढून स्वच्छ केली, स्लीपर बदलले किंवा नवा रूळ टाकला, की खालची खडी सैल होते. ती यंत्राने ठासली तरी तिला पूर्वीची घट्ट पकड यायला वेळ लागतो. वरून सावकाश गेलेल्या गाड्याच तिला हळूहळू दाबून बसवतात. म्हणून काम झाल्यावर वेग एकदम पूर्ववत करत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. रुळाला तडा, पुलाची दुरुस्ती, पावसाने खचलेला भराव हीही कारणे असतात. वेग चौपट झाला तर गाडीतील गतिज ऊर्जा सोळापट होते. ताशी २० आणि ताशी ८० मैल यांतील फरक असा आहे.

५/
येथे एक स्वाभाविक शंका येते. सिग्नल असताना निराळा इशारा कशाला? सिग्नल सांगतो तो पुढे दुसरी गाडी आहे की नाही आणि सांधे योग्य दिशेला लागले आहेत की नाहीत. खालची खडी सैल आहे, हे सिग्नलला कळत नाही. त्यामुळे हिरवा सिग्नल आणि ताशी २० मैलांची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रुळाची अवस्था ठाऊक असते ती त्यावर काम करणाऱ्या टोळीला, आणि ती कळायला हवी असते मैलोन् मैल दूर असलेल्या, वेगाने येणाऱ्या माणसाला. या दोघांची कधी भेट होत नाही.

६/
ही भेट घडवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे लाल बावटा घेतलेला माणूस. तो किती अपुरा ठरू शकतो, हे ९ जून १८६५ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात दिसले. स्टेपलहर्स्ट गावाजवळ ब्यूल्ट नावाच्या लहान नदीवरच्या पुलावर रुळाखालचे लाकडी वासे बदलण्याचे काम चालू होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रूळ काढायचे, वासा बदलायचा आणि गाडी येण्यापूर्वी रूळ परत बसवायचे, अशी कामाची रीत होती.

७/
त्या मार्गावर फोकस्टन बंदरातून लंडनला जाणारी एक गाडी होती. फ्रान्सहून येणाऱ्या बोटी भरतीच्या पाण्यावर बंदरात शिरत, आणि भरतीची वेळ रोज सरकते. म्हणून या गाडीची वेळही रोज बदलत असे. कामाच्या मुकादमाने वेळापत्रक वाचताना चूक केली आणि गाडी यायला अजून सुमारे दोन तास आहेत असे मानले. प्रत्यक्षात ती दुपारी सव्वातीनच्या सुमारास आली. तेव्हा पुलावरचे दोन रूळ जागेवर नव्हते.

८/
वेळापत्रकाच्या चुकीवर बावटेवाला हा दुसरा पहारा होता. नियमाप्रमाणे त्याने कामाच्या जागेपासून १००० वारांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवर, उभे राहायला हवे होते. अंतर मोजायला त्याच्याजवळ साधन नव्हते. तारायंत्राचे खांब मोजून ते ठरवण्याचा प्रघात होता. या भागातले खांब नेहमीपेक्षा जवळजवळ रोवलेले होते. खांबांचा हिशेब जुळला, अंतर जुळले नाही. बावटेवाला अवघ्या ५५४ वारांवर उभा होता.

९/
ताशी ५० मैलांच्या वेगात १००० वार कापायला सुमारे ४१ सेकंद लागतात. ५५४ वार कापायला २३. त्या काळी संपूर्ण गाडीला एकाच वेळी लागणारा ब्रेक नव्हता. चालक शिटी वाजवून डब्यांतल्या गार्डांना हाताचे ब्रेक आवळायला सांगत असे. त्या २३ सेकंदांत बावटा दिसणे, शिटी वाजणे, ती ऐकू जाणे आणि ब्रेक आवळले जाणे एवढे सगळे व्हायचे होते. वेग काहीसा उतरला. इंजिन रिकाम्या जागेवरून पलीकडे गेले, मागचे डबे नदीच्या पात्रात कोसळले. १० जण मृत्युमुखी पडले, ४० जखमी झाले.

१०/
त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होते. त्यांचा डबा पुलाच्या कडेला लटकून राहिला. बाहेर पडल्यावर ते बराच वेळ जखमींना पाणी पाजत, धीर देत फिरले. नंतर लटकत्या डब्यात पुन्हा शिरून त्यांनी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीच्या चालू भागाचे हस्तलिखित बाहेर आणले. त्या दिवसाची धास्ती त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, त्यांचे निधन झाले. डिकन्समुळे हा अपघात जगाच्या लक्षात राहिला. मुकादमाला तुरुंगवास झाला.

११/
वाङ्मयेतिहासाच्या बाहेर या अपघातातून एक गोष्ट उरते. चालकाच्या बाजूने पाहिले तर बावटा दिसेपर्यंत त्याच्या समोर काहीच नव्हते. ‘काहीच नाही’ याचा अर्थ त्याने ‘मार्ग मोकळा’ असा घेतला. तसा तो घेण्यावाचून त्याला गत्यंतरही नव्हते, कारण त्या व्यवस्थेत धोका असेल तरच कोणी बोलत असे. बोलणारा चुकला, उशिरा बोलला किंवा चुकीच्या जागी उभा राहिला, तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नसे.

१२/
पुढच्या शंभर वर्षांत या व्यवस्थेत पुष्कळ भर पडली. ब्रिटिश रेल्वेत चालकांना छापील साप्ताहिक सूचनापत्र मिळू लागले. कोणत्या मार्गावर, कोणत्या मैलावर, कोणती तात्पुरती मर्यादा आहे, हे त्यात दिलेले असे. मार्गावर दोन जागी फलक लागू लागले. पहिला इशारा फलक, वेग उतरवायला पुरेसे अंतर राहील इतका आधी. दुसरा प्रत्यक्ष मर्यादा सुरू होते तेथे. रात्री दोन्ही फलक दिव्यांनी उजळत. आता चालकाला कागदावरही इशारा होता आणि मार्गावरही.

१३/
ननीटनला १९७५ मध्ये हे सारे होते. मर्यादा सूचनापत्रात छापलेली होती. फलकही जागच्या जागी होते. पण इशारा फलकावरचे दिवे गॅसवर चालत आणि त्या रात्री ते विझले होते. अंधारात तो फलक असून नसल्यासारखा झाला. त्या रात्री आधी गेलेल्या काही चालकांना दिवे विझलेले लक्षात आले होते. अशा वेळी थांबून ही गोष्ट कळवायची, असा नियम होता. कोणी कळवले नाही. त्यांना मर्यादा आठवत होती, त्यांनी आपापली गाडी सावकाश काढली आणि ते पुढे गेले.

१४/
त्यांचे मौन समजण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. त्यांच्यापुरता प्रश्न सुटलेला होता. मागून येणाऱ्या गाडीचा चालक कोण आहे, त्याला काय आठवते, काय आठवत नाही, हे त्यांच्यासमोर नव्हते. ग्लासगोच्या गाडीचे इंजिन वाटेत बिघडले होते. मदतीला दुसरे इंजिन जोडून ती तासाभराहून अधिक उशिराने धावत होती. चालकाला ननीटनची मर्यादा ठाऊक होती आणि तो इशारा फलकाची वाट पाहत होता. फलक आला नाही.

१५/
त्या क्षणी त्याच्यासमोर दोन पुरावे होते. कागद म्हणत होता, मर्यादा आहे. मार्ग काहीच म्हणत नव्हता. मर्यादा छापल्या तारखेच्या आधीच उठवल्या जाणे हे रेल्वेत नेहमीचेच होते. काम लवकर संपले, की फलक निघत. म्हणून त्याने कागदापेक्षा मार्गावर विश्वास ठेवला आणि मर्यादा उठली असे मानले. ताशी ८० मैलांच्या वेगात एक मैल ४५ सेकंदांत संपतो. मर्यादेच्या सुरुवातीचा दुसरा फलक समोर दिसला, तेव्हा त्याने पूर्ण ब्रेक लावला. तोपर्यंत वेळ गेलेली होती.

१६/
गाडी रुळांवरून उतरली. शयनयानाचे डबे एकमेकांवर आदळत आडवेतिडवे पडले. दोन इंजिनांपैकी एक थेट स्थानकाच्या फलाटावर चढले. ६ जण मृत्युमुखी पडले, ३८ जखमी झाले. चालक वाचला. त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. चौकशीने त्याची चूक नोंदवली. त्याचबरोबर विझलेल्या दिव्यांची देखभाल आणि ते पाहूनही न कळवणारे चालक, यांचीही नोंद केली.

१७/
यानंतर झालेले बदल बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिला बदल लोहचुंबकाचा. ब्रिटनमध्ये सिग्नलच्या अलीकडे रुळांच्या मधोमध लोहचुंबक बसवण्याची पद्धत आधीपासून होती. इंजिन त्यावरून गेले, की सिग्नल प्रतिकूल असल्यास चालकाच्या खोलीत भोंगा वाजे. चालकाने बटण दाबून तो ऐकल्याचे कळवले नाही, तर ब्रेक आपोआप लागत. ननीटननंतर असेच लोहचुंबक तात्पुरत्या मर्यादेच्या इशारा फलकापाशीही ठेवले जाऊ लागले.

१८/
या लोहचुंबकाचा गुण असा, की त्याला गॅस लागत नाही, वीज लागत नाही, तेल लागत नाही. तो विझत नाही. धुक्यात, पावसात, अंधारात तो सारखाच काम करतो. दिवा चालू ठेवण्यासाठी कोणीतरी काहीतरी करत राहावे लागते, आणि ते करायचे राहून गेले की इशारा नाहीसा होतो. लोहचुंबकाचा इशारा बंद करायचा असेल, तर माणसाला तेथे जाऊन तो उचलून न्यावा लागतो. विसरभोळेपणाचा तोल येथे सुरक्षिततेच्या बाजूला झुकवलेला आहे.

१९/
दुसरी तरतूद अधिक सूक्ष्म आहे. ब्रिटिश रेल्वेच्या आजच्या नियमांत एक विशेष फलक आहे. सूचनापत्रात छापलेली मर्यादा ठरल्यापेक्षा लवकर उठली, तर ‘आधी कळवलेली मर्यादा आता नाही’ असे सांगण्यासाठी तो लावतात. नुसते फलक काढून नेऊन भागत नाही. मर्यादा नाही, हेदेखील चालकाला फलकानेच सांगावे लागते. ननीटनच्या चालकाने ज्या शांततेवरून निष्कर्ष काढला, ती शांतताच या फलकाने रद्द केली. कागदावर मर्यादा आहे आणि मार्गावर काहीच दिसत नाही, तर आता एकच अर्थ निघतो. काहीतरी बिघडले आहे, वेग उतरवा.

२०/
उलट बाजूचीही सोय आहे. एखादी मर्यादा अचानक लावावी लागली आणि ती सूचनापत्रात छापलेली नसली, तर नेहमीच्या इशारा फलकाच्याही आधी एक निराळा, ठळक पट्ट्यांचा, लुकलुकणाऱ्या दिव्यांचा फलक लावतात. ‘तुमच्या कागदात नाही ते पुढे आहे’ एवढेच तो सांगतो. कागद आणि मार्ग यांच्यात तफावत आली, की ती तफावतच चालकाला उघड सांगायची, असा या दोन्ही फलकांमागचा विचार आहे.

२१/
तिसरी घटना २० ऑक्टोबर २०१७ ची. वेल्समधील केंब्रियन मार्गावर रुळांशेजारचे सिग्नल जवळजवळ संपले होते. वेग, मार्ग, मर्यादा सारे काही रेडिओवरून चालकाच्या समोरच्या पडद्यावर येत असे. आदल्या संध्याकाळी सिग्नलच्या संगणकाने स्वतःला आपोआप पुन्हा सुरू केले. त्या वेळी तात्पुरत्या मर्यादांची माहिती त्यात भरली गेली नाही. नियंत्रण कक्षातील पडद्यावर मात्र त्या मर्यादा लागू असल्याचे दिसत राहिले. सकाळी गाड्या सुटल्या. चालकांच्या पडद्यावर मर्यादा नव्हत्या.

२२/
लानाबर येथील एका फाटकाजवळ ताशी ३० किलोमीटरची मर्यादा होती. फाटक ओलांडणाऱ्याला गाडी येत असल्याचे पुरेसे आधी कळावे, म्हणून ती होती. त्या सकाळी एक गाडी तेथे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने पोहोचली. कोणालाही इजा झाली नाही, तरीही रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने या घटनेचा सविस्तर तपास केला. ननीटनला विझला होता तो एका फलकाचा दिवा. येथे एका मार्गावरच्या अनेक गाड्यांचे इशारे एकाच वेळी विझले होते, आणि ते पेटलेले आहेत असे दुसरा पडदा सांगत होता.

२३/
ही गोष्ट उघडकीस आणली ती एका चालकाने. आपल्या पडद्यावर दिसणाऱ्या माहितीत काहीतरी चूक आहे, असे त्याने कळवले. त्यावरून शोध घेताना मर्यादा गाड्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, हे लक्षात आले. १९७५ च्या चालकासमोर आणि २०१७ च्या चालकासमोर जवळजवळ सारखाच प्रसंग होता. जे असायला हवे होते, ते दिसत नव्हते. पहिल्याने त्याचा अर्थ परवानगी असा घेतला. दुसऱ्याने त्याला शंका मानले आणि विचारले.

२४/
आता भारताकडे वळू. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ४.०९ हा नियम आहे. मार्गावर दुरुस्ती चालू असेल किंवा अन्य कारणाने सावधगिरी हवी असेल, तर चालकाला लेखी ‘कॉशन ऑर्डर’ द्यायची. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कोणत्या कारणासाठी आणि किती वेगाने जायचे, हे तीत लिहिलेले असते. या कागदाचा नमुना ‘टी/४०९’. किलोमीटरपुढे तिरकी रेघ देऊन खांबाचा क्रमांक लिहितात. पूर्वी हे खांब तारायंत्राचे असत. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आता ते विजेच्या तारांचे असतात. स्टेपलहर्स्टला ज्यांनी घात केला, त्या खांबांना येथे क्रमांक देऊन जबाबदार केले आहे.

२५/
या कुळातला दुसरा कागद अधिक लक्षवेधी आहे. पुढे एकही मर्यादा नसेल, तर चालकाला कागदच द्यायचा नाही, असे होत नाही. त्यासाठी ‘टी/ए ४०९’ हा निराळा नमुना आहे. तो सांगतो, की या टप्प्यात सावधगिरीची कोणतीही सूचना नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही सरकारी कचेरीत यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘निरंक’. माहिती नसेल तर रकाना कोरा ठेवायचा नाही, ‘निरंक’ लिहायचे. कोरा रकाना पाहून कारकून विसरला, की लिहिण्यासारखे काही नव्हते, हे कळत नाही. ‘निरंक’ पाहून कळते, की कोणीतरी पाहिले, विचार केला आणि जबाबदारी घेऊन ‘नाही’ असे लिहिले.

२६/
मर्यादा संपण्याचीही हीच रीत आहे. मर्यादेच्या आधी पिवळा इशारा फलक, ती सुरू होते तेथे वेगाचा आकडा लिहिलेला पिवळा त्रिकोण, आणि ती संपते तेथे ‘टी/पी’ व ‘टी/जी’ अशा अक्षरांच्या गोल पिवळ्या चकत्या. पहिली प्रवासी गाड्यांसाठी, दुसरी मालगाड्यांसाठी. मालगाडी लांब असते. तिचे इंजिन सैल खडीच्या पलीकडे गेले तरी शेवटचा डबा अजून त्या खडीवरच असतो. म्हणून तिची चकती पुढे असते. आता वेग वाढवायला हरकत नाही, हा अंदाज चालकाने बांधायचा नाही. तेही त्याला सांगितले जाते.

२७/
पावसाळ्यातल्या गस्तीचा नियम याच विचारातला आहे. दरडी आणि पुराचा धोका असलेल्या भागात गस्तीवाला रात्री कंदील, फटाके आणि गस्तीची वही घेऊन ठरलेल्या वेळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जातो. तो वेळेवर पोहोचला नाही, तर स्टेशन मास्तराने काय समजायचे? पाऊस आहे, उशीर झाला असेल, असे नव्हे. नियम सांगतो, की त्याचे न येणे हाच इशारा मानायचा आणि त्या टप्प्यात शिरणाऱ्या गाडीला कॉशन ऑर्डर देऊन सावकाश पाठवायचे. न आलेला माणूसही येथे बोलतो.

२८/
कोकणाने याची किंमत मोजली आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी विशेष गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून पुलावरून कोसळली. आज तेथे पावसाळ्याचे वेगळे, संथ वेळापत्रक असते. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याच्या सूचना चालकांना असतात. म्हणजे चालकाला काही दिसत नाही, एवढेच वेग उतरवायला पुरेसे कारण धरले जाते.

२९/
पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्याला ही गाडी रेंगाळते असे वाटते. एखाद्या माळावर ती उगाच सावकाश चालते, खिडकीतून पिवळा त्रिकोण मागे जातो, मग एक गोल चकती, आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा वेग घेते. त्या काही मिनिटांमागे रुळावरची टोळी, स्टेशन मास्तर, एक सही केलेला कागद आणि तो वाचणारा चालक असतो. ननीटनच्या रात्री या साखळीतली प्रत्येक कडी जागेवर होती. कमी होता तो एक निरोप, ‘दिवा विझला आहे’ एवढाच. तो देऊ शकणारे चालक त्या रात्री तेथून गेले होते.